मंडळी

मराठीतील काही शब्दांचा संसार मोठा असतो. ‘मंडळी’ हा त्यांपैकी एक. पंगतीला बसलेली ती मंडळी, कीर्तनाला जमलेली ती मंडळी, वऱ्हाडात आलेली तीही मंडळीच. जुन्या वळणाचा गृहस्थ आपल्या पत्नीचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा करी. नाव उच्चारण्याचा संकोच आणि घर तिच्यामुळे उभे आहे याची कबुली, दोन्ही त्या एका अनेकवचनी शब्दात झाकली जात. मराठी ख्रिस्ती समाजाने या शब्दाला आणखी एक अर्थ दिला. चर्च म्हणजे भिंती आणि कौले नव्हेत, तेथे जमणारी माणसे. आणि या माणसांच्या समुदायाला त्याने ‘मंडळी’ म्हटले. परभाषेतून आलेल्या कल्पनेला याहून घरगुती शब्द मिळणे कठीण होते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्याचा प्रवास या शब्दाच्या एका अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे झालेला आहे. नारायण वामन टिळकांची मंडळी म्हणून त्या लहान वयात घरात आल्या आणि पुढे, पुष्कळ अश्रू गाळून झाल्यावर, नगर भागातील एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत सामील झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून त्याचे कौतुक अखंड चालू आहे. विनोद, प्रांजळपणा, बोलीचा गोडवा, पतीचे हुबेहूब चित्र या गुणांची चर्चा वर्गात आणि ग्रंथांत पुरेशी झाली. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईच्या अंगी एवढे धैर्य आले कोठून, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही. विचारला गेलाच तर त्याचे उत्तर टिळकांच्या प्रभावात शोधले गेले. ते उत्तर अपुरे आहे.

या बाईंचे बालपण भयाच्या सावलीत गेले, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. 1 जून 1868 रोजी त्र्यंबकेश्वराजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. सत्तावनच्या बंडानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या आघाताने त्यांच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला, की त्यांचे सोवळे दिवसेंदिवस कडक होत गेले. जगाचा स्पर्श म्हणजे विटाळ. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, आणि जी वस्तू धुतल्याने नाहीशी होते तीसुद्धा धुवायची. लक्ष्मीबाईंनी हे सारे हसत हसत लिहिले आहे आणि वाचकही हसतो. पण त्या हसण्याच्या तळाशी एक भेदरलेला माणूस बसलेला आहे. राज्यकर्त्यांच्या क्रौर्यापुढे ज्याचे काही चालले नाही, त्याने आपल्या घराभोवती पाण्याची रेघ ओढली. सोवळ्याची मीमांसा धर्मशास्त्राच्या अंगाने पुष्कळांनी केली. ते भयाचेही एक रूप असू शकते, हे या पुस्तकाच्या पहिल्या काही पानांइतके स्वच्छ मराठीत क्वचितच कोठे आले असेल.

अशा घरातील मुलीला नवरा मिळाला तो कोणत्याही रेषेच्या आत न राहणारा. टिळकांची भ्रमंती, हातातला पैसा देऊन टाकण्याची सवय, अचानक निघून जाणे, अचानक परत येणे, हा सारा संसार लक्ष्मीबाईंनी सोसला. मग 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने ही वार्ता मरणाच्या वार्तेपेक्षा वाईट होती. मरणाला निदान विधी असतो, शोक करण्याची रीत असते. नवरा जिवंत, कुंकू शाबूत आणि संसार मात्र मोडलेला, या अवस्थेसाठी त्या काळच्या समाजाजवळ शब्द एकच होता: ‘बाटला’. पुढची काही वर्षे त्या मुलाला घेऊन पंढरपुरी बहिणीच्या आश्रयाने राहिल्या. नातेवाइकांनी त्यांना टाकले नाही, उलट जपले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. याच दुःखात त्यांच्या हातून पहिल्या ओळी लिहिल्या गेल्या. परंतु त्या मायेला एक अट होती. ती कोणी बोलून दाखवीत नव्हते, म्हणूनच अधिक पक्की होती. रेषा ओलांडलीस तर आम्ही तुझे नव्हे.

येथे मराठी भाषेने केलेला एक सूक्ष्म भेद उपयोगी पडतो. शौर्य हे ज्याचे त्याचे असते. ते उसने घेता येत नाही. ‘धीर’ या शब्दाचे तसे नाही. धीर धरता येतो तसा देताही येतो. तो सुटतो, खचतो, आणि कोणी पाठीवर हात ठेवला की पुन्हा येतो. एकट्या माणसाला शूर होता येईल, पण धीर बहुधा दुसऱ्या कोणाकडून तरी आलेला असतो. लक्ष्मीबाईंच्या पुढच्या आयुष्यात जे दिसते ते बहुतांशी या जातीचे आहे. पंडिता रमाबाईंशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेणाऱ्या रमाबाई आधीपासून एकट्या चालत आलेल्या होत्या. आईबाप, भाऊ, पती यांचे मृत्यू पचवून, शास्त्री-पंडितांशी वाद करून त्यांचे मन घडलेले होते. त्यांनी पुढे केडगावला माणसे जमविली ती आपल्या धैर्याच्या बळावर. लक्ष्मीबाईंचा क्रम उलटा आहे. आधी माणसे भेटली, धैर्य मागून आले.

ही माणसे कोण होती? आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 साली सुरू झाले. पुढे त्याचा विस्तार आसपासच्या खेड्यांत झाला आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून, मुख्यतः महार-मांगांच्या वस्त्यांतून, लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. या खेड्यांतील चर्च म्हणजे शहरातल्या उंच मनोऱ्याची दगडी वास्तू समजण्याचे कारण नाही. पुष्कळ ठिकाणी एकच खोली आठवडाभर शाळा असे आणि रविवारी उपासनामंदिर. जो मास्तर मुलांना बाराखडी घोटवी तोच रविवारी बायबल वाची, तोच आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करी आणि तोच कोर्टकचेरीचे कागद वाचून दाखवी. जमिनीवर एका बाजूस पुरुष, दुसऱ्या बाजूस बाया. संख्या कधी वीस, कधी बारा. दोघे-तिघे जमले तरी पुरेत, या ख्रिस्ताच्या आश्वासनाचा आधार या मंडळ्यांनी अक्षरशः घेतला. त्याहून अधिक जण बहुधा नसतच.

या खोलीत येऊन बसण्याची किंमत होती. मेलेली जनावरे ओढणार नाही, देवळापुढे वाजवणार नाही, असे म्हणणाऱ्याचे बलुते अडत असे. गावाच्या व्यवहारात ज्याला उभे राहायला जागा नव्हती तो व्यवहारच तोडून बाहेर पडू लागला, की रोजची भाकरी धोक्यात येई. ‘भाकरीसाठी धर्म सोडला’ हा आरोप या लोकांवर पिढ्यान्‌पिढ्या होत आला. दुष्काळात मिशनने अन्न दिले आणि अनेक उपाशी माणसे त्या आश्रयाला गेली, हे खरेच आहे. परंतु भाकरी आणि श्रद्धा या दोन गोष्टी वेगळ्या काढून तोलण्याचे कौशल्य पोट भरलेल्याला सहज साधते. ज्याला पहिल्यांदाच कोणी पंगतीत शेजारी बसवून भाकरी दिली, त्याने त्या भाकरीत देव पाहिला तर त्याला अडाणी कोणी म्हणावे? आपल्याकडच्या संतांनीही देव पाहिला तो दळणात, कांडणात आणि कामातच.

प्रभुभोजनाचा विधी या मंडळ्यांत इतका महत्त्वाचा का ठरला, हे यावरून कळते. एकाच भाकरीचे तुकडे, एकाच ताटातून. द्राक्षरस एकाच पेल्यातून. ईश्वरविद्येच्या ग्रंथांत त्यावर कितीही सूक्ष्म वाद असोत, नगर जिल्ह्यातल्या खेड्यात त्याचा अर्थ लहान मुलालाही समजे: तुझ्या ओठांचा पेला माझ्या ओठांना चालतो. शतकानुशतके पाणी वरून ओतून घेतलेल्या माणसांच्या दृष्टीने हा विधी साधा नव्हता. आणि वरच्या जातीतून आलेल्या माणसाच्या दृष्टीने तर ती अग्निपरीक्षाच होती.

लक्ष्मीबाई या परीक्षेला एका उडीत उतरल्या नाहीत. सुमारे चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या टिळकांकडे परतल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी धर्मांतरासाठी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, हे त्या पुरुषाचे मोठेपण. पण चूल वेगळी असली तरी डोळे वेगळे ठेवता येत नाहीत. त्यांच्यासमोर रोज ही माणसे वावरत होती. ज्यांची सावली टाळायची असे लहानपणी शिकविले गेले, ती माणसे आजारपणात दाराशी येत होती, मुलाला उचलून घेत होती, हाक मारीत होती. मग एके दिवशी त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, की हे जातिभेद देवाने केले की माणसाने? देवाने केले असते तर पशूपशूंत जसा डोळ्यांना दिसणारा भेद आहे तसा माणसामाणसांत का नाही? जन्म सारखा, मरण सारखे. उत्तर त्यांचे त्यांनाच मिळाले. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा त्यांनी निश्चय केला.

या प्रसंगातील क्रम महत्त्वाचा आहे. जात आधी गेली, बाप्तिस्मा नंतर झाला. 1900 साली राहुरीस त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो या निश्चयानंतर. म्हणजे ख्रिस्ती झाल्यामुळे त्यांनी जात सोडली असे नसून, जात सुटल्यावर त्या ख्रिस्ती होऊ शकल्या. तर्क त्यांचा स्वतःचा होता, यात शंका नाही. इतका सरळ तर्क पुस्तकी पंडिताला सुचला नसता. पण त्या तर्काला लागणारी सामग्री भोवतालच्या माणसांनी पुरविली होती. ज्या पित्याने भयापोटी सारे जग धुऊन काढले त्याची मुलगी परक्या हातचा तांब्या तोंडाला लावते, ही मराठी वाङ्मयातील एक अत्यंत शांत क्रांती होय. तेथे ना सभा आहे, ना घोषणा. घोटभर पाणी आहे.

पुढील काळ कठीण होता. छप्पनच्या दुष्काळाने 1899-1900 मध्ये देश होरपळून निघाला. त्याच सुमारास प्लेगने शहरामागून शहर ओस पाडले. मिशनच्या आवारात अनाथ मुलांची रीघ लागली. प्लेगच्या छावणीत रोग्यांजवळ थांबायला सख्खे नातेवाईक कचरत, त्या छावणीत लक्ष्मीबाईंनी शुश्रूषा केली. ‘स्मृतिचित्रे’तील हे भाग वाचताना एक गोष्ट लक्षात येते. येथे ‘मी’ लहान होत जाते. स्वतःच्या धाडसाचे वर्णन जवळजवळ नाहीच. काय केले, कोण होते, कोणाची कशी फजिती झाली, एवढेच. रोग्याला स्पर्श करणारी ही बाई काही वर्षांपूर्वी धडधाकट माणसाच्या स्पर्शालाही भीत होती, याची आठवण ती वाचकाला करून देत नाही. ती आठवण वाचकाने स्वतः ठेवायची असते. धैर्य अंगवळणी पडले म्हणजे ते दिसेनासे होते, आणि सांगणाऱ्याला ते सांगण्याजोगे वाटत नाही.

अंगवळणी पडण्यासाठी लागणारा रोजचा सराव मंडळीने दिला. त्याचे साधन होते उपासना, आणि त्यातही गाणे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांची धारणा होती; त्यांनी रचलेली भजने अभंग-ओवीच्या वळणाची असल्यामुळे ती खेड्यातल्या बाईच्याही ओठी बसली. त्यांच्याआधीच कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा नगर भागात रुजविलेली होती. परदेशी चालीवर अडखळणारी मंडळी टाळ-मृदंगावर मोकळी झाली. ज्या बायकांना चारचौघांत बोलण्याचा प्रसंग कधी आला नव्हता त्या प्रथम समूहात गाऊ लागल्या, मग एकटीने प्रार्थना करू लागल्या, मग एखादी घरोघर जाऊन वाचून दाखवू लागली. ‘बायबलबाई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्त्रिया पायी हिंडत. कोणी ऐकून घेई, कोणी दारातून हाकलून देई. त्यांच्यातील बहुतेकींची नावे मराठी वाङ्मयाच्या कोणत्याही कोशात नाहीत. लक्ष्मीबाई पुढे कीर्तने करू लागल्या, सभांत बोलू लागल्या, तेव्हा त्यांच्या आवाजामागे हा सारा सराव होता.

लहान मंडळीचा आणखी एक गुण आहे आणि तो केवळ लहानपणातून येतो. तेथे जो आला नाही तो कळतो. हजारांच्या सभेत एक माणूस कमी झाला तर सभेला पत्ता नसतो. पंधरांत एक जागा रिकामी राहिली की सगळ्यांच्या नजरा तिकडे जातात. उपासना संपल्यावर पहिला प्रश्न निघतो, आज अमकी का दिसली नाही? मग कोणीतरी तिच्या घराकडे वळतो. गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाची गैरहजेरी तोवर एकाच कारणाने टिपली जात असे, वेठीला न आल्याबद्दल. आपण न गेल्याने कोणाला चुकचुकल्यासारखे वाटते, ही जाणीव माणसाच्या पाठीचा कणा सरळ करते. श्रद्धेचे तत्त्वज्ञान यापलीकडचे असेल. तिचा दैनंदिन आधार हा आहे.

या चित्रात काळ्या रेषाही आहेत आणि त्या न दाखविणे अप्रामाणिकपणाचे होईल. जात चर्चच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवली जाते असे म्हणणे सोपे आहे. बाहेर पडताना ती पुन्हा पायांत घातली जातेच. लग्ने जुळविताना पूर्वीची जात पाहिली गेली, अजूनही पाहिली जाते. ब्राह्मण ख्रिस्ती झाला तर त्याचे चरित्र होते, महार ख्रिस्ती झाला तर तो अहवालातील आकडा होतो. हे मिशनच्या कागदपत्रांत झाले आणि मराठी वाङ्मयेतिहासातही झाले. परदेशी वर्चस्वाचा काच टिळकांनाही जाणवला. अखेरच्या काळात, 1917 मध्ये, मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या साऱ्यांना सामावणारा भक्तांचा मेळा असावा म्हणून. 1919 मध्ये ते गेले आणि ती कल्पना फारशी वाढली नाही. स्वातंत्र्यानंतर निराळाच पेच उभा राहिला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे गावाने ज्यांची जात कधी विसरू दिली नाही त्यांना कायद्याने सांगितले, की तुम्हांला जातच नाही. तरीही रविवारी त्या खोलीत येऊन बसणे कित्येक घरांनी सोडले नाही. त्यामागची श्रद्धा तपासण्याची हौस असलेल्यांनी ही किंमतही हिशेबात धरावी.

आणि हेच ‘स्मृतिचित्रे’च्या आजवरच्या वाचनात निसटले आहे. टिळक-लक्ष्मीबाई या जोडीच्या प्रकाशात मागची माणसे धूसर झाली. पुस्तक मात्र त्यांनी भरलेले आहे. पानोपानी कोणी पाणी आणून देते, कोणी मूल सांभाळते, कोणी भांडते, कोणी उसने नेऊन परत करीत नाही. समीक्षेने यांना पार्श्वभूमी मानले. लक्ष्मीबाईंनी तसे मानलेले नाही. त्यांच्या लेखी प्रत्येक जण आपल्या स्वभावासह उभा आहे, हास्यास्पद असेल तर हास्यास्पद, पण पुरता माणूस. ज्या आत्मचरित्रात दुसऱ्यांना इतकी जागा आहे ते मंडळीत बसायला शिकलेल्या बाईचेच असू शकते. या अंगाने ते पुन्हा वाचले जाण्याची गरज आहे, आणि त्याच्या शेजारी ठेवण्यासाठी त्या इतरांच्या आठवणी, पत्रे, हस्तलिखित भजनांच्या वह्या शोधल्या जाण्याची त्याहून अधिक. जुन्या ‘ज्ञानोदया’च्या अंकांत आणि घराघरांतल्या पेट्यांत त्यांतले काही अजून सापडेल.

टिळकांच्या मृत्यूनंतर ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. आरंभीचे थोडे अध्याय तेवढे झालेले. जोडाक्षरे लिहिताना अडणाऱ्या विधवा लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि एकामागून एक चौसष्ट अध्याय त्यात घातले. काव्य म्हणून त्याचे मोल काय, यावर दुमत होऊ शकते. त्याचे काही भाग सपाट आहेत. परंतु कवीच्या पत्नीने कवीचे काव्य पुरे करण्यास बसावे, हे त्या काळी कोणाला सुचले नसते, खुद्द कवीलाही बहुधा नाही. ज्या ओव्या त्या रचीत होत्या त्यांचा पहिला श्रोता डोळ्यांसमोर असावा तो पंडित नव्हे. जमिनीवर बसलेली, ठेका धरणारी, चुकले तरी मागे लागून म्हणणारी ती मंडळी असावी.

नगरच्या खेड्यांतून आजही सुगीनंतर कापणीचा सण होतो. ज्याच्या शेतात, परसात जे पिकले ते तो चर्चमध्ये आणून ठेवतो: ज्वारीची कणसे, भुईमुगाच्या शेंगा, एखादा भोपळा, कोंबडी, अंडी. ज्याला शेत नाही तो विकत आणून ठेवतो, पण रिकाम्या हाताने येत नाही. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो. बाजारात पाच-दहा रुपयांना मिळणारे लिंबू पन्नासवर जाते, शंभरावर जाते; पुकारणारा थट्टा करतो, बाया हसतात, कोणी हट्टाने बोली वाढवितो. शेवटी लिंबू एकाचे होते. पैसे मोजून झाल्यावर तो ते उचलतो आणि त्या दिवशी येऊ न शकलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या घरी पोचते करण्यासाठी शेजारच्या पोराच्या हातावर ठेवतो.